चार्जर काढला की बंद, झाकण उघडलं की काळा पडदा: लॅपटॉपमधले वीज-बदलाचे बिघाड कसे शोधायचे

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात सगळ्यात अवघड दुखणं कोणतं, तर जे दुकानात दिसतच नाही ते. घरी सोफ्यावर बसून काम करताना लॅपटॉप फट्कन बंद पडतो. झाकण मिटून तासाभराने उघडलं तर पंखा फिरतोय, पडदा मात्र काळा. किंवा चार्जर लावला रे लावला की कर्सर आपोआप पळायला लागतो. दुकानदार मशीन टेबलावर घेतो, सवयीने आधी चार्जर लावतो, आणि ते संध्याकाळपर्यंत शहाण्यासारखं चालतं. मग उत्तर ठरलेलं: ‘फॉरमॅट मारून बघू’, नाहीतर ‘बोर्डचा प्रॉब्लेम आहे’.

दोन्ही उत्तरं कधीमधी खरी निघतात, पण अंदाजाने. अशा बिघाडात मशीन चार्जरवर ठीक असतं, बऱ्याचदा बॅटरीवरही ठीक असतं. कोलमडतं ते एकीकडून दुसरीकडे जाताना. त्यामुळे ‘काय होतं’ हे सांगून फारसं भागत नाही, कारण होणाऱ्या गोष्टी तीनचारच असतात: बंद पडणं, अडकणं, काळा पडदा, मंदावणं. ‘कोणत्या बदलानंतर होतं’ हे सांगता आलं की अर्धं काम झालं.

हे बदल करतं कोण?

आपल्याला लॅपटॉप चालू किंवा बंद एवढंच दिसतं. आत मात्र सतत चढउतार चाललेले असतात. प्रोसेसर आपला वेग आणि व्होल्टेज सेकंदात कितीतरी वेळा बदलतो, रिकामा असलेला कोअर झोपी जातो, ग्राफिक्स कार्डाची वीज तोडली जाते, एसएसडी आणि वायफाय डुलक्या घेतात, यूएसबीला काही जोडलेलं नसेल तर तेही निजतं. बॅटरीवर हे सगळं जास्त हावरेपणाने होतं, चार्जरवर सैलपणे. म्हणूनच ‘बॅटरीवर वायफाय तुटतं, चार्जर लावला की नीट’ अशा तक्रारी असतात.

या बदलांचे नियम एसीपीआय नावाच्या मानकात आहेत. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ते १९९६ मध्ये आणलं. २०१३ पासून ते यूईएफआय फोरमकडे आहे. त्याआधीच्या एपीएम पद्धतीत वीज वाचवण्याचे बरेचसे निर्णय बायोस (विंडोजच्याही आधी सुरू होणारा, बोर्डावरच भरलेला प्रोग्राम) परस्पर घ्यायचा, ऑपरेटिंग सिस्टीमला पत्ताही नसायचा. एसीपीआयने लगाम ऑपरेटिंग सिस्टीमच्या हातात दिला. पण या बोर्डावर कोणता स्विच कुठे आहे आणि तो कसा दाबायचा, हे सांगणारे तक्ते बायोसमध्येच राहिले.

आता मेख बघा. तक्ते लॅपटॉप कंपनीने लिहिलेले, ड्रायव्हर (तो तो भाग चालवणारा प्रोग्राम) ग्राफिक्स किंवा वायफाय बनवणाऱ्याचा, हुकूम विंडोज किंवा लिनक्सचा, आणि प्रत्यक्ष वीज तोडणारा-जोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, म्हणजे मॉसफेट, बोर्डावर सोल्डर केलेला. चौघांपैकी कुणीही चुकलं तरी बाहेरून दिसतं एकच: लॅपटॉप अडकला.

यांच्या जोडीला एक पाचवा असतो, एम्बेडेड कंट्रोलर. ही छोटी चिप लॅपटॉप ‘बंद’ असतानाही जागी असते. चार्जिंग, पंखा, कीबोर्ड, झाकणाचा सेन्सर हे तिचं खातं. ती स्वतः अडकली तर लॅपटॉप कितीही वेळा रीस्टार्ट करा, ती तशीच अडकलेली राहते. चार्जर काढून, बॅटरी निघत असेल तर तीही काढून, पॉवरचं बटण तीसएक सेकंद दाबून धरायचं हा जो उपाय सगळे सांगतात, तो याच चिपसाठी. बॅटरी आत बंद असेल तर काही मॉडेल्सना खालच्या बाजूला टाचणी जाईल एवढं रीसेटचं भोक असतं. ऐकायला टोटका वाटतो, पण सगळ्यात आधी हेच करावं.

चार्जर काढण्याचा क्षण

चार्जर साधारण १९ ते २० व्होल्ट देतो. तीन सेलची बॅटरी पूर्ण भरलेली असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास असते आणि संपत आली की नऊच्या जवळ येते. चार्जर निघाला की चार्जिंग आयसीला, म्हणजे चार्जिंग सांभाळणाऱ्या चिपला, ते तात्काळ कळलं पाहिजे, बॅटरीकडचा मॉसफेट चालू झाला पाहिजे, आणि तेवढा वेळ कपॅसिटरांनी (थोडी वीज साठवून ठेवणाऱ्या बारीक भागांनी) व्होल्टेज सावरून धरलं पाहिजे. डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी हे उरकतं. एवढ्यात कुठे कसर राहिली की मशीन बंद.

पहिला संशय बॅटरीवर घ्यावा, ती ६० टक्के दाखवत असली तरी. टक्के हा बॅटरीतल्या चिपचा हिशेब असतो: किती वीज आत गेली, किती बाहेर आली. बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. टाकीत पाणी आहे, पण नळ आतून बुजलेला. बारीक धार येते, बादली भरायला घेतली की दम जातो. तीन-चार अँपिअरची मागणी आली की व्होल्टेज एकदम खाली बसतं आणि लॅपटॉप त्याला ‘बॅटरी संपली’ समजतो.

हे घरी तपासता येतं. पडद्याचा उजेड कमी करा, सगळे प्रोग्राम बंद करा आणि मग चार्जर काढा. टिकला? आता उजेड पूर्ण करा, एखादा जड खेळ किंवा मोठी फाईल उघडा. तेव्हाच पडला तर संशय बॅटरीवर. उलट काहीही न करता चार्जर काढताक्षणी पडत असेल तर बॅटरीचा कनेक्टर, तिच्या आतलं संरक्षण सर्किट किंवा बोर्डावरचे मॉसफेट बघावे लागतील. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, जागा सोडून तिरपी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजी लिपीत टाइप केलं तर एक अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण क्षमता शेजारीशेजारी दिसते. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर फारशी चर्चा नको. आणि टचपॅड वर उचलला गेलाय, तळ फुगलाय असं दिसलं तर पुढची कुठलीही चाचणी करू नका. बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, टोचाटोची न करता दुकानात न्या.

आणखी एक चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण ती विंडोजचा प्रश्नच मिटवते. लॅपटॉप सुरू करताना बायोसच्या पडद्यावर जा आणि तिथे थांबून चार्जर काढा-लावा करा. तिथे विंडोज नाही, ड्रायव्हर नाही. तरीही मशीन पडलं तर फॉरमॅटचा विषय तिथेच संपला.

चार्जर लावल्यावर बिघडणारे

उलट्या बाजूचे बिघाड लोकांना जास्त चक्रावतात, कारण चार्जर म्हणजे सुरक्षित अशी आपली समजूत असते.

बऱ्याच कंपन्यांचे चार्जर लॅपटॉपला आपली ओळख सांगतात: मी इतक्या वॅटचा आहे. डेलच्या गोल पिनच्या चार्जरमध्ये मधोमध जी बारीक सुई असते ती याच कामाची. ती वाकली, किंवा वायर तिथल्या तिथे तुटली, की लॅपटॉप वीज तर घेतो पण चार्जरवर विश्वास ठेवत नाही. सुरू होताना चार्जरचा प्रकार ओळखता आला नाही असा संदेश येतो, बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मंद होतो. लोक रॅम वाढवायला निघतात, बिघाड सुईत असतो.

हा मंदपणा ओळखायची खूण आहे. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग बघा. काम चालू असतानाही तो ०.३९ किंवा ०.७९ गिगाहर्ट्झच्या आसपास खिळून राहिला असेल तर बोर्डावरून कुणीतरी प्रोसेसरला ‘हळू चाल’ असा संकेत देतंय. याला प्रॉकहॉट म्हणतात. मुळात तो प्रोसेसर तापल्याचा संकेत, पण बोर्डावरचे इतर भागही तो देऊ शकतात: चार्जर न ओळखल्यास, बॅटरीवर ताण आल्यास किंवा एखादा सेन्सर खराब झाल्यास. थ्रॉटलस्टॉपसारखा प्रोग्राम वापरून हा संकेत दुर्लक्षित करता येतो, आणि इंटरनेटवर तेवढाच सल्ला सर्रास दिला जातो. रोग कळण्यापुरतं पाच मिनिटं करून बघा. कायमचं नको, संकेत खरा असेल तर बोर्ड जळू शकतो.

टाइप-सी चार्जरची गोष्ट वेगळी. तो सुरुवातीला पाचच व्होल्ट देतो. मग लॅपटॉप आणि चार्जर यांच्यात बोलणी होऊन २० व्होल्टपर्यंत चढतो. केबलही या बोलण्यात सामील असते: तीन अँपिअरच्या वर न्यायचं तर केबलमध्ये ओळख सांगणारी चिप लागते. साधी केबल वापरली तर १०० वॅटचा चार्जरही हात आखडता घेतो, जड काम सुरू झालं की लॅपटॉप बॅटरी ओढू लागतो, आणि चार्जिंगची खूण येते-जाते करते. केबल बदला, दुसरं पोर्ट वापरा. बहुतेक वेळा एवढंच असतं.

कर्सर नाचण्याचं कारण मात्र अनेकदा लॅपटॉपमध्ये नसून भिंतीत असतं. चार्जरच्या तीन पिनांपैकी जाड पिन अर्थिंगची. आपल्याकडच्या जुन्या घरांत सॉकेटला अर्थिंग जोडलेलंच नसतं, किंवा आपणच दोन पिनांचा कन्व्हर्टर लावून ते तोडतो. मग चार्जरमधून येणारा किंचित गळती प्रवाह लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर राहतो. हात लावला की मुंग्या येतात, आणि बोटाची विद्युत चाहूल घेऊन चालणारा टचपॅड गोंधळतो. चार्जर काढून कर्सर ताळ्यावर आला तर आधी वायरमनला बोलवा. अर्थिंग ठीक असूनही नाच चालूच राहिला तर चार्जर बदलून बघा, विशेषतः तो डुप्लिकेट असेल तर.

एका कपॅसिटरची गोष्ट

बदलाच्या क्षणी मरणाऱ्या यंत्राचं पाठ्यपुस्तकात शोभेल असं उदाहरण म्हणजे २०१० च्या एप्रिलमध्ये आलेला १५ इंची मॅकबुक प्रो. त्यात दोन ग्राफिक्स होती: इंटेलचं काटकसरी आणि एनव्हिडियाचं जीटी ३३०एम हे ताकदवान. कोणता प्रोग्राम उघडलाय ते बघून सिस्टीम आपोआप एकावरून दुसऱ्यावर जायची. काही मशीनांत असं जाताना पडदा काळा किंवा करडा व्हायचा आणि सगळं गोठायचं. अ‍ॅपलने ही अडचण मान्य केली आणि बाधित मशीनांचे लॉजिक बोर्ड (मुख्य बोर्ड) बदलून दिले.

पुढे चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डावरचे सुटे भाग बदलण्याचं, काम करणाऱ्यांमध्ये या बोर्डावरचं एक नाव प्रसिद्ध झालं: सी ९५६०. हा ग्राफिक्सच्या वीजमार्गावरचा कपॅसिटर. झोपलेली ग्राफिक्स चिप जागी होते तेव्हा ती एकाएकी खूप प्रवाह मागते. व्होल्टेज राखणारा रेग्युलेटर त्या मागणीला पोचेपर्यंतचा क्षण कपॅसिटरने भरून काढायचा असतो. तो अशक्त झाला की व्होल्टेज क्षणभर खचतं, चिप चुकीचं काहीतरी करते आणि सिस्टीम कोसळते. एका फुकट प्रोग्रामने मशीन इंटेलच्या ग्राफिक्सवरच अडकवून ठेवणाऱ्यांचा त्रास थांबायचा, कारण तो क्षणच येत नसे.

या उदाहरणात एक सापळाही आहे. लक्षणं सगळी सॉफ्टवेअरसारखी: ठरावीक प्रोग्राम उघडला की पडतं, सेटिंग बदललं की थांबतं. सेटिंग बदलून बिघाड थांबला म्हणजे तो सेटिंगचाच होता, असा निष्कर्ष इथे साफ चुकला असता.

उलट्या बाजूची उदाहरणंही आहेत. इंटेलच्या बे ट्रेल या २०१३ च्या प्रोसेसरांवर लिनक्स चालवणाऱ्यांची मशीनं काही काम नसताना गोठायची. प्रोसेसर गाढ झोपेत जायचा आणि परत यायचा नाही. कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला) ‘फार खोल झोपू देऊ नकोस’ अशी सूचना दिली की मशीन चालायचं, बॅटरी मात्र लवकर संपायची. २०१७ मध्ये लिनक्सच्या ४.११ आवृत्तीत एनव्हीएमई (वेगवान जातीच्या) एसएसडीला आपोआप झोपवायची सोय आली, आणि काही लॅपटॉप-एसएसडी जोड्यांमध्ये एसएसडी गायबच व्हायला लागली. तिथे कुणाचाही कपॅसिटर गेलेला नव्हता. त्या जोड्यांची नावं अपवाद म्हणून कर्नलमध्ये नोंदवावी लागली.

झोप

झोपेतून न उठणाऱ्या लॅपटॉपचं निदान करताना आधी तो खरंच उठला नाही, की उठलाय पण दिसत नाही, हे बघायला हवं. कॅप्स लॉक दाबून दिवा लागतो का बघा. अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर फक्त बॅकलाइट गेलाय. एचडीएमआयने टीव्ही जोडून बघा.

मग झाकणाला दोषातून वगळा. झाकण मिटल्याचं लॅपटॉपला चुंबकामुळे कळतं. झाकण मिटल्यावर ‘काही करू नको’ असं सेटिंग ठेवून मेनूतून झोपवा. नीट उठला तर सेन्सर किंवा बिजागरीतून जाणारी केबल संशयित. एका लॅपटॉपवर दुसरा ठेवला किंवा चुंबकाचं ब्रेसलेट घालून टाइप केलं, तरी मशीन झोपू शकतं. अशा ‘बिघाडावर’ लोकांनी पैसे घालवले आहेत.

अलीकडच्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये जुनी एस-३ झोप (रॅम सोडून जवळपास सगळं बंद) नसतेच. तिच्या जागी आलेल्या मॉडर्न स्टँडबायमध्ये मशीन अर्धवट जागं असतं, मधूनमधून नेटवर्क बघतं, आणि एखादा ड्रायव्हर नीट झोपला नाही तर बॅगेत तापून बॅटरी रिकामी करतं. त्याच ‘पॉवरसीएफजी’ला ‘बॅटरीरिपोर्ट’ऐवजी ‘स्लीपस्टडी’ जोडलं की कुणामुळे झोप मोडली ते कळतं. प्रवासाला निघताना स्लीपऐवजी हायबरनेट (चालू काम डिस्कवर जपून मशीन बंद) करावं, हे माझं स्पष्ट मत.

एक गोष्ट मात्र सगळ्या चाचण्यांना लागू: फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज ८ पासून ‘शटडाउन’ हे पुरतं शटडाउन नसतं. कर्नलची स्थिती डिस्कवर जपली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत आणली जाते, अडकलेल्या ड्रायव्हरसकट. ताजी सुरुवात हवी तर ‘रीस्टार्ट’ करा.

स्विच एका बाजूला बांधून ठेवा

आता कृती. संशयित बदल थांबवायचा आणि बिघाड थांबतो का बघायचं. एका वेळी एकच. पॉवर सेटिंगमध्ये पीसीआय एक्स्प्रेसची लिंक स्टेट ही वीजबचत बंद. नाही फरक पडला तर पूर्ववत करून यूएसबीचं सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या ‘वीज वाचवण्यासाठी बंद करू दे’ या चौकटीतली खूण काढा. मॉडर्न स्टँडबायच्या मशीनवर यातले काही पर्याय लपवलेले असतात. दोन ग्राफिक्स असतील तर बायोसमध्ये एकावर स्थिर करायचा पर्याय आहे का बघा. पाच सेटिंगं एकदम बदलून बिघाड गेला तर काहीच कळलं नाही असं समजा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद सापडली की लोक तिलाच रोग समजतात. ती फक्त म्हणते की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. उपयोगाचा आहे तिच्या तपशिलातला बगचेक कोड, म्हणजे विंडोज का कोसळलं ते सांगणारा आकडा. तो शून्य असेल तर वीज अचानक गेली किंवा मशीन पार गोठलं. १५९ म्हणजे वीज-स्थिती बदलताना एखादा ड्रायव्हर अडकला. २७८ म्हणजे ग्राफिक्स प्रतिसाद देईना.

स्विच सापडला की त्यामागे सॉफ्टवेअर आहे की हार्डवेअर, हे ठरवायला पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून तोच बदल पुन्हा करा. तिथेही पडला तर हार्डवेअरकडे काटा झुकतो. नाही पडला तर मात्र लगेच विंडोजला दोष देऊ नका. लिनक्सने कदाचित तो स्विच दाबलाच नसेल.

बायोस अपडेटने असे बरेच दोष खरंच जातात, कारण ते मूळचे तक्ते त्यातच असतात. पण जो लॅपटॉप चार्जर हलला तरी मरतो, त्यावर बायोस अपडेट करायला घेऊ नका. अर्ध्यावर वीज गेली तर आजचं दुखणं परवडलं असं होईल. आधी बॅटरी किंवा कनेक्टर ठीक करा, मग अपडेट.

दुकानात जाताना, मग ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातलं असो की गल्लीतलं, एक कागद सोबत द्या: कोणता बदल, त्यानंतर किती सेकंदांनी पडतो, तेव्हा बॅटरी किती टक्के, बायोसच्या पडद्यावर होतं की नाही, कोणतं सेटिंग बांधल्यावर थांबतं. डेटाचा बॅकअप आधी घ्या. ‘बोर्ड बदला’ असं उत्तर आलं तर चार्जिंग आयसी, तिच्या लगतचे मॉसफेट आणि करंट मोजणारा रेझिस्टर तपासला का, एवढं विचारा. आणि मशीन परत घेताना काउंटरवरच चार्जर काढून, जड काम चालू करून, झाकण मिटून-उघडून बघा.